आधी तपासू, मग बोलू



आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बी.एस्सी.ला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला संशोधन प्रयोगशाळेत दोन महिने काम शिकायची संधी आली. घरचे म्हणाले, "पगार नाही, मार्क नाहीत, मग रोज एस.टी.चा खर्च कशाला?" ताईंनी हे बैठकीत मांडले, पण आमच्याकडेही उत्तर नव्हते. पोरगी हट्टाने गेली. उत्तर आम्हाला नंतर मिळाले, तेही दुधामुळे.

रतिबाच्या दुधात पीठ मिसळतात, असा आम्हाला संशय होता. दूधवाल्या दादांचा रतीब बंद करायचे ठरतच होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, आधी तपासू, मग बोलू."

तिने तीन पेले घेतले. पहिल्यात आमच्यासमोर काढलेले म्हशीचे दूध, दुसऱ्यात त्याच दुधात चिमूटभर कॉर्नफ्लोर, तिसऱ्यात रतिबाचे दूध. तिन्हींत थोडे पाणी घालून वेगवेगळे उकळले, गार केले आणि औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले. दुसरा पेला निळा झाला. पहिला आणि तिसरा झाला नाही. तपासलेले दूध तिने ओतून टाकले.

आम्ही विचारले, "आपल्याला रतिबाचेच बघायचे होते, मग बाकीचे दोन पेले कशाला?" ती म्हणाली, "दुसरा निळा झाला नसता, तर आयोडीनच खराब आहे हे कळले असते. पहिला निळा झाला असता, तर आपलेच काहीतरी चुकले असते."

"म्हणजे दूध शुद्ध?"

"नाही मावशी. पीठ नाही, एवढेच कळले. पाणी घातलेय का, ते यातून कळत नाही."

रतीब चालू राहिला. एका माणसाची भाकरी आम्ही नुसत्या संशयावर तोडणार होतो.

हे तिला पुस्तकातून मिळाले नव्हते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असते. संशोधनात ते कोणालाच ठाऊक नसते, म्हणून एकच मोजमाप तीन-तीनदा घ्यावे लागते. तिचे आकडे आठ दिवस जुळत नव्हते. शेवटी कळले, काचेची भांडी नीट विसळली जात नव्हती. मॅडम रागावल्या नाहीत, पण चुकलेले आकडे वहीतून खोडूही दिले नाहीत. चूक झाकायची नाही, शोधायची, हे ती तिथे शिकली.

ही संधी मुलींना सहज मिळालेली नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. मग एक वर्ष काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढच्या मुलींना दार उघडले. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी नीरा आणि कडधान्यांवर संशोधन केले. आपल्याच ताटातले प्रश्न होते ते.

तेव्हा आपल्या लेकीने विचारले, "जाऊ का?" तर लगेच नाही म्हणू नका. शिकवणार कोण, वेळ काय, परतायला गाडी आहे का, अ‍ॅप्रन आणि चष्मा देतात का, हे जरूर विचारा. तिला स्वतः प्रयोग करायला मिळणार की नुसत्या बाटल्या धुवायला, हेही विचारा. उत्तरे पटली तर पाठवा.

ताईंनी पुढच्या सुट्टीसाठी एस.टी.चे पैसे आतापासूनच बाजूला टाकायला घेतले आहेत.