मालगुजार गेला, पाळ कोणी बांधायची?

तुमसर तालुक्यातला आंबागडचा किल्ला इ.स. १७०० च्या सुमाराचा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात त्याचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, त्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर सगळा मुलूखच इंग्रजांच्या हाती पडला. या उलथापालथीत सारा घेणारे हात तेवढे बदलले. नगरधनहून आंबागड-चांदपूरच्या बाजूला सरकलेले पोवार, दक्षिणेकडचे कोहळी, नद्या-तलावांवर जगणारे ढिवर यांचा धान, पाणी आणि मासळीचा व्यवहार मात्र चालू राहिला. या व्यवहाराला खरा धक्का बसला तो १९५१ साली, आणि तो कोणा आक्रमकाने दिलेला नव्हता. स्वतंत्र भारतातल्या एका न्याय्य, अत्यावश्यक सुधारणेनंतर तो बसला. म्हणूनच सुधारणा कुठे अडतात हे समजून घ्यायला भंडारा जिल्ह्यातले माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’, फार उपयोगाचे आहेत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांपैकी कितीतरी कोहळ्यांनी गोंड राजवटीत बांधले. या भागात पाऊस भरपूर पडतो, सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास. पण धानाला तो हवा तेव्हाच पडेल याची हमी नाही. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, श्रावण चांगला गेला, आणि धान गर्भात असताना पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर लोंबीत दाणा भरत नाही. त्या पंधरा दिवसांसाठी तलाव. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ, जादा पाणी जायला एका अंगाला सांडवा, आणि पाळीच्या आतल्या बाजूला तुडुम. तुडुम म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची मोरी. प्रत्येक पायरीला भोक, भोकाला बुच. वरचे बुच आधी काढायचे, पाणी उतरत जाईल तसे खालचे. पाणी बांधीतून बांधीत उतरते. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ बंडीत भरून शेतात टाकायचा, पाळीला पडलेल्या घळी बुजवायच्या. ही कामे वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून केली तर किरकोळ आहेत. वीस वर्षे कोणीच केली नाहीत तर तलाव उथळ होतो आणि तुडुम गाळात गाडले जाते.

ही कामे मालगुजार करवून घेत असे. भोसल्यांच्या काळात तो गावचा सारा गोळा करणारा पाटील होता; १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी त्याला गावाचा मालकच करून टाकले. तलावाच्या डागडुजीत त्याचा स्वार्थ होता. त्याची सीर, म्हणजे स्वतःच्या वहिवाटीची जमीन, बहुधा तलावाखालीच असे, आणि कुळाचे धान बुडाले तर लगान वसूल व्हायचे नाही. पण पाळीवर माती टाकणारे हात पुष्कळदा बेगारीचे असत. पाणी आधी मालगुजाराच्या बांधीला, मग मर्जीतल्यांना, आणि शेवटच्या कुळाला उरले तर. मासळीवरही त्याचाच शब्द चाले.

तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वर राव यांच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पण संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून असे कायदे नवव्या परिशिष्टात घातले होते, आणि १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. कुळाची मान मोकळी झाली. ही गोष्ट लहान नाही, आणि पुढचे काहीही वाचताना ती विसरू नये.

मात्र मालगुजाराकडे दोन गोष्टी एकत्र होत्या, हक्क आणि जबाबदारी. हक्कांची वाटणी तपशीलवार झाली. मालगुजाराची सीर व खुदकाश्त जमीन त्याच्याकडे राहिली, कुळांना कुळहक्क मिळाले, गावाचे निस्ताराचे, म्हणजे सामाईक वापराचे, हक्क कागदावर उतरले, ज्यावर अनेकांचे सिंचन होते ते तलाव सरकारचे झाले. जबाबदारीला तसा नेमका धनी मिळाला नाही. ती दूरच्या कचेरीकडे गेली आणि त्या कचेऱ्याही बदलत राहिल्या. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे, अशी विभागणी झाली. पाळीला भगदाड पडले की अर्ज कुठे द्यायचा एवढे त्यातून ठरले. भगदाड पडण्याआधी टोपलीभर माती कोणी टाकायची, हे ठरले नाही.

यावर आक्षेप येतो की हे मालगुजारीचे गोडवे गाणे आहे. तसे मुळीच नाही. माझी तक्रार उलटी आहे: सुधारणा पुरेशी खोल गेली नाही. तिने मालगुजाराला हटवले, पण पाण्याबद्दल गावाने एकत्र बसून निर्णय घ्यायची जागा उभी केली नाही. आटणाऱ्या तलावाकडे पाहणारे तिघे असतात. धानवाल्याला पाणी सोडून हवे असते. ढिवराला मासळीसाठी ते राखून हवे असते. आणि ज्याने तलावाच्या पोटातल्या सुपीक गाळावर गाळपेर करता करता कायमचे अतिक्रमण केले, त्याला तलाव भरूच नये असे वाटते. हे भांडण खरे आहे, त्यात प्रत्येकाची बाजू आहे. पूर्वी मालगुजार हुकूम देऊन ते मिटवत असे. आता अतिक्रमण करणारा मतदारही असतो, बहुतेक वेळा वजनदार मतदार. त्याला उठवायला निवडून आलेला माणूस धजावत नाही, आणि बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला त्यात पडायचे कारण नसते. भूमिहीन ढिवराचा आवाज तिघांत सर्वांत लहान. राजकीय समता आली तरी सामाजिक-आर्थिक विषमता राहील, हा अंतर्विरोध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दाखवून दिला होता. पाचच वर्षांनी, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, ते याच भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोअरवेल आल्या, कालवे आले, तलाव कालबाह्य झालेच असते, त्यात सुधारणेचा काय दोष? काही अंशी हे खरे. पण बोअर ज्या भूजलावर चालते ते मुरवण्यात तलावांचाही वाटा आहे, आणि बोअरमध्ये मासळी वाढत नाही. मोठ्या धरणाची गोष्ट सांगायची तर गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. अंदाजे खर्च ३७२ कोटी होता; तो पुढे १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला, आणि अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट गाठायला दशके अपुरी पडली. मोठ्या धरणाला कोनशिला असते, कंत्राट असते, उद्घाटन असते. तुडुम मोकळे करण्याला यातले काही नसते. सार्वजनिक पैसा कुठे वाहतो हे ठरवण्यात या फरकाचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते.

तिसरा आक्षेप: आजचे गाव एकत्र येऊन काम करणारच नाही. याला उत्तर शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात आहे, जो १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. तिथे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर मच्छीमारांबरोबर तलाव सुधारण्याचे काम उभे केले. बेशरमची झुडपे उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक मासळीला अंडी घालायला जागा मिळाली. कोणती वनस्पती कुठे लावायची याचे ज्ञान ढिवरांचे होते, आणि कामात बायका पुढे होत्या. लोक का आले? तलाव सुधारला तर मासळी आपल्याच जाळ्यात येईल याची त्यांना शाश्वती होती म्हणून. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरच्या अभ्यासासाठी. सामाईक साधन टिकते ते वापरणाऱ्यांना नियम करण्याचा अधिकार असतो तिथे, असे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले.

नंतरच्या सुधारणा या दिशेने अर्ध्याच गेल्या. महाराष्ट्राचा २००५ चा सिंचन-व्यवस्थापनाचा कायदा पाणीवापर संस्थांना सिंचनाचे व्यवस्थापन देतो, पण त्याच्या केंद्रस्थानी लाभक्षेत्रातला जमीनधारक आहे. ढिवर पुन्हा बाहेर. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ निघतो, हे चांगलेच आहे. पण काठचा जो उथळ भाग मासळीची कूस असतो तिथेही यंत्राने सरसकट खोदले तर धानवाल्याचा फायदा ढिवराच्या खिशातून भरला जातो. कुठे खोदायचे आणि कुठे नाही, हे त्या तलावावर जगणाऱ्यांनी ठरवले पाहिजे, आणि तो निर्णय बंधनकारक असला पाहिजे. त्यासाठी तलावागणिक एक समिती हवी, जिच्यात भूमिहीन मच्छीमाराला जमीनधारकाइतकेच मत असेल. मासळीच्या ठेक्याचा आणि पाणीपट्टीचा ठरलेला वाटा दरवर्षी त्याच तलावाच्या डागडुजीसाठी तिच्या हाती यावा. आणि अतिक्रमण हटवण्याचा तिचा ठराव तहसीलदाराने ठरावीक मुदतीत अमलात आणावा.