ऑयलरचा तर्क आणि दहा ओळींची मांडणी

भामरागडच्या रानांत हेमलकसा नांवाचें गांव आहे. पावसाळ्यांत नद्या दुथडी भरून वाहणाऱ्या त्या मुलखांत धान हें मुख्य पीक. अशा गांवीं धानाच्या तीन वाणांची परीक्षा करावयाची आहे, असें समजावें. बांधीची एक बाजू रानाच्या उंचवट्याला लागलेली, दुसरी ओढ्याकडे उतरलेली. म्हणजे माती आणि ओल सर्वत्र सारखी नाहीं. एक वाण उंचावर पेरलें आणि दुसरें सखलांत, तर जें अधिक पिकेल तें स्वतःच्या गुणानें पिकलें कीं जमिनीच्या, हें कसें ठरवावें? ही साधी अडचण गणितांतील एका प्रसिद्ध प्रश्नाशीं जाऊन भिडते. आणि तो प्रश्न सोडविणाऱ्या तिघांपैकीं एकाचें शिक्षण नागपुरास झालें होतें.

अडचणीवर उपाय असा. बांधीचे तीन आडव्या व तीन उभ्या ओळींत नऊ वाफे पाडावयाचे, आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या व प्रत्येक उभ्या ओळींत एकदां, आणि एकदांच, येईल असें पेरावयाचें. मग उंचसखलपणाचा लाभ-हानि सर्वांना सारखी वांटली जाते. या मांडणीस लॅटिन चौरस म्हणतात. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत रोनल्ड फिशर यांनीं १९१९ नंतरच्या काळांत असल्या मांडण्यांना शेतीच्या प्रयोगांत मानाचें स्थान मिळवून दिलें.

आतां तीन खतांचीही परीक्षा त्याच बांधींत करावयाची असेल तर? प्रत्येक खतही प्रत्येक ओळींत एकदांच यावें, आणि शिवाय प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशीं एकदांच गांठ पडावी. वाणांना क, ख, ग आणि खतांना १, २, ३ म्हटलें, तर पहिल्या ओळींत क१, ख२, ग३. दुसरींत ख३, ग१, क२. आणि तिसरींत ग२, क३, ख१. कागदावर हे नऊ वाफे लिहून पाहिल्यास सर्व अटी पुऱ्या झालेल्या दिसतील. याला ग्रीको-लॅटिन चौरस असें नांव आहे.

ही मांडणी अटकळीनें शोधावी लागत नाहीं. पांच वाण आणि पांच खतें असल्यास प्रत्येक वाफ्याच्या आडव्या ओळीचा व उभ्या ओळीचा क्रमांक मिळवावा. बेरजेस ५ नें भागून जी बाकी उरेल, त्या क्रमांकाचें वाण तेथें पेरावें. खतासाठीं मात्र उभ्या ओळीच्या क्रमांकाची दुप्पट मिळवून बाकी काढावी. ५ च्या जागीं ७, ९, ११ अशी कोणतीही विषम संख्या घेतली तरी हा नियम चालतो. परंतु ६ घेतांच तो फसतो. १ ते ६ यांच्या दुपटींना ६ नें भागल्यास बाक्या २, ४, ०, २, ४, ० अशा येतात, आणि एकच खत एका ओळींत दोनदां पडतें. संख्यासिद्धांत आणि मांडणीचें गणित यांची गांठ पडते ती येथें.

लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञानें हाच प्रश्न सैन्याच्या भाषेंत मांडला होता. सहा पलटणींतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे मिळून ३६ अधिकारी असे उभे करावयाचे, कीं प्रत्येक ओळींत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदांच यावा. त्याला हें साधलें नाहीं. विषम संख्यांचे आणि ४ नें भाग जाणाऱ्या संख्यांचे चौरस त्याला रचतां येत होते. उरल्या ६, १०, १४, १८, २२ अशा संख्या. (२ ची अशक्यता तर उघडच आहे.) यांपैकीं एकीचाही चौरस असूं शकत नाहीं, असा तर्क त्यानें १७८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत केला, सिद्धता मात्र त्याला देतां आली नाहीं.

१९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थानें ६ चा प्रश्न निकालांत काढला. सहाचे लॅटिन चौरस ८१,२८,५१,२०० होतात. पण पहिली आडवी व पहिली उभी ओळ ठराविक धरल्यास ते ९,४०८ च उरतात. त्यांचे प्रकार पाडून तारीनें एकेक तपासला आणि अशी मांडणी अशक्य असल्याचें दाखविलें. ऑयलरचा तर्क एका ठिकाणीं खरा ठरला, आणि पुढच्या संख्यांविषयींही लोकांचा विश्वास बळावला. पण एका उदाहरणानें नियम सिद्ध होत नाहीं, मग तो सांगणारा कितीही थोर असो.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ सालीं सागर येथें झाला आणि शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजांत. पुढें अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं १९५० सालीं डॉक्टरेट मिळविली. १९५९ सालीं या गुरुशिष्यांनीं २२ चा चौरस रचून दाखविला. त्यांची युक्ति अशी: २२ चिन्हांचे लहान गट असे पाडावयाचे, कीं कोणतींही दोन चिन्हें एकाच गटांत, आणि एकदांच, एकत्र यावीं. चार-चारांचे ३५ गट आणि सातांचा एक, इतक्यांत हें साधतें. ४ आणि ७ यांचे चौरस तर ठाऊकच होते. ते योग्य रीतीनें जुळविले कीं २२ चा सिद्ध होतो. लागलीच अर्नेस्ट पार्कर यांनीं १० चा चौरस रचला. त्याच्या एका कोपऱ्यांत तीन ओळींचा लहान ग्रीको-लॅटिन चौरस बसलेला आहे. मग तिघांनीं मिळून सिद्ध केलें, कीं ६ च्या पुढें ऑयलरचा तर्क प्रत्येक ठिकाणीं खोटा आहे. १७७ वर्षांचा समज ढासळला, आणि २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही वार्ता झळकली.

श्रीखंडे १९६३ सालीं मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे संस्थापक प्रमुख म्हणून आले. वसंती भट-नायक, नवीन सिंघी यांच्यासारखे संशोधक त्यांच्या हाताखालीं तयार झाले, आणि मांडणीच्या गणिताची एक परंपराच तेथें उभी राहिली. अशी परंपरा पुस्तकांपेक्षां सेमिनारांत अधिक पोसली जाते. व्याख्यानांत सिद्ध झालेलें ज्ञान सांगतात. सेमिनारांत अर्धवट राहिलेलें काम फळ्यावर मांडतात. कोणी नवशिका विद्यार्थी मध्येंच उठून “ही पायरी कशावरून?” असें विचारूं शकतो, आणि उत्तर नसेल तर वडीलधाऱ्या वक्त्यासही थांबावें लागतें. तेथें नांवाचें वजन चालत नाहीं, सिद्धतेचें चालतें.

२१ एप्रिल २०२० रोजीं, वयाच्या १०३ व्या वर्षीं, श्रीखंडे यांचें निधन झालें. प्रश्न मात्र संपलेला नाहीं. दहा वाण आणि दहा खतें यांच्या जोडीस पेरणीच्या दहा निरनिराळ्या तिथि घेतल्या, आणि या तिहींपैकीं कोणत्याही दोहोंची गांठ एकदांच पडावी अशी अट घातली, तर दहा ओळींच्या शेतांत तें साधेल काय? साधेल असें कोणी दाखविलेलें नाहीं, आणि साधणार नाहीं असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं.