पांढऱ्या पेशी मुरतात कशा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जाते. दर मायक्रोलिटरला 4,000 ते 11,000 या पट्ट्यात तो बसला की जीव भांड्यात पडतो. पडावा, हरकत नाही. पण या आकड्यावर आपण जरा जास्तच भिस्त ठेवतो. पेशी किती आहेत यापेक्षा त्या किती पक्व आहेत याला अधिक मोल आहे, आणि त्याचा निकाल हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत लागतो.

पांढऱ्या पेशींत सर्वांत मोठा वाटा न्यूट्रोफिलांचा. मोठ्या माणसाच्या छातीच्या, कमरेच्या, मणक्याच्या हाडांत त्या रोज सुमारे 10,000 कोटी तयार होतात. त्यांच्या वाटेवरची पहिली ओळखू येणारी पेशी म्हणजे मायलोब्लास्ट: मोठं गोल केंद्रक आणि भोवती निळसर पेशीरसाची बारीक कड. पुढे प्रोमायलोसाइटच्या टप्प्यावर तिच्यात जांभळट कण भरू लागतात. जंतू मारायला लागणारं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर याच कणांत साठतं, आणि ते तयार करण्याची वेळही हीच. टप्पा ओलांडला की ते काम आटोपतं. मायलोसाइटपर्यंत पेशी विभागत राहते. त्यानंतर विभागणी थांबते आणि उरतं ते निव्वळ मुरणं. केंद्रक आधी घेवड्याच्या दाण्यासारखं वाकतं, मग अरुंद पट्टा होतो, शेवटी बारीक धाग्यांनी जोडलेल्या तीन ते पाच पाळ्या दिसू लागतात. या सगळ्याला दीड-दोन आठवडे जातात; रक्तात उतरल्यावर मात्र पेशी फार तर काही दिवस टिकते. एवढ्या अल्पायुषी पेशीसाठी शरीर इतका वेळ घालतं, ते उगाच नव्हे.

हे मुरणं अडलं तर काय होतं, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात मिळतो. यात 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं आणि पेशी प्रोमायलोसाइटवरच अडकून पडते. गंमत अशी, की या आजारात पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा पुष्कळदा वाढलेला नसतो, उलट कमीच असतो. आणि तरीही रुग्ण रक्तस्रावाने दगावू शकतो. शांघायच्या वांग झेन्यी यांच्या गटाने अशा 24 रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रेटिनोइक आम्ल दिलं. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 23 जणांचा आजार केवळ या औषधाने आटोक्यात आला, आणि तोही मज्जा ओस न पाडता. पुढे पक्व झालेल्या पेशींतही तीच गुणसूत्रांची अदलाबदल आढळली. म्हणजे रोगट पेशी मारून त्यांच्या जागी नव्या आल्या नव्हत्या. अडलेल्याच मार्गी लागल्या होत्या.

यावर आक्षेप घेता येतात. जोराचा संसर्ग झाला की मज्जा पट्ट्यासारख्या केंद्रकाच्या अर्धवट पेशीही रक्तात सोडते आणि त्या लढतात. मग पक्वतेचं एवढं काय? पण त्या पेशी शेवटून दुसऱ्या पायरीवरच्या असतात, हत्यारं आधीच भरून घेतलेल्या. मायलोब्लास्टकडून ते काम होत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नुसत्या रेटिनोइक आम्लाने बहुतेकांचा आजार उलटतो. टिकाऊ गुण येतो तो केमोथेरपी किंवा आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड दिल्यावर. ही दोन्ही औषधं, आर्सेनिक आणि रेटिनोइक आम्ल, ते जोडप्रथिनच मोडून काढतात, म्हणून खरं श्रेय पेशी मुरण्याला द्यावं की प्रथिन नष्ट होण्याला, असा वाद आहे. तो मान्य करूनही हे उरतंच, की त्या प्रथिनाचं मुख्य उपद्रवी काम वाट अडवण्याचं होतं. शिवाय हा उपाय सगळ्या ल्युकेमियांना लागू पडत नाही, हेही खरं. तरी दिशा एकाच आजारापुरती राहिलेली नाही: आयडीएच-2 या जनुकात बिघाड असलेल्या ल्युकेमियावर 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एनासिडेनिब पेशींना पक्व व्हायलाच भाग पाडतं. म्हणून आकडा पट्ट्यात असूनही ताप, निळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त असेल, तर मशीनच्या मोजणीवर न थांबता काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून पेशी डोळ्यांनी पाहायला सांगणारा डॉक्टर उगाच खर्च वाढवत नसतो.