सोबत्यांसाठी एक लहानशी फेरी

रुग्णाच्या उशाशी दिवसरात्र बसणाऱ्या नातेवाइकांच्या प्रकृतीची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही. जागरण, अवेळी जेवण आणि तासन्‌तास बाकावर बसणे यांमुळे त्यांचाच रक्तदाब वा मधुमेह बळावतो. अशांना आम्ही जवळच्या वनराईत फेरी मारण्यास सुचवितो. धारावीलगत, मिठी नदीकाठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही अशीच जागा. पूर्वीच्या कचराभूमीवर सुमारे ३७ एकरांत फुललेले हे उद्यान १९९४ मध्ये खुले झाले.

फार चालावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविते. तो एका वेळी निदान दहा मिनिटे सलग हवा, ही अट २०२० मध्ये वगळण्यात आली. म्हणजे दोन तपासण्यांमधली सात मिनिटेही जमेस धरता येतात.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, असे अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्ण अवघे ४६ होते, हेही ध्यानी असावे.

छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास तेथेच थांबावे. निघताना वॉर्डातील परिचारिकेस दूरध्वनी क्रमांक देऊन जावे.