चिक चॉकलेट आणि आपली गाणी

'अलबेला' हा १९५१ चा बोलपट. त्यातील गाणी सी. रामचंद्रांची आणि नाच भगवानदादांचा, हे पुण्यात कोणीही सांगेल. पण त्या गाण्यांत मध्येच ट्रंपेट उसळते, ते कोणाचे, असे विचारले तर आपण गप्प बसतो. वास्तविक तो वादक आपल्या ताफ्यासह त्याच बोलपटात पडद्यावरही दिसतो!

त्यांचे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बार्देशातील हळदोण्याचा. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती विद्या घेऊन कितीतरी गोमंतकीय तरुण मुंबईस आले. तेथे ताजमहाल हॉटेलात १९३५ नंतर लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवीत होते. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँगची शैली उचलली आणि 'चिक चॉकलेट' हे नाव घेतले.

जॅझ म्हणजे गोंगाट, हा समज आम्हांला मान्य नाही. बंदिश ठरलेली, विस्तार मात्र गवयाने जागच्या जागी करावयाचा, हे आपल्या ख्यालाचे मर्म. जॅझमध्येही चाल आणि तिच्याखालची स्वरसंगतीची चौकट ठरलेली असते. वादक तीत दर वेळी नवे रचतो. फरक एवढाच की, आपला गवई तंबोऱ्याच्या एका षड्जावर स्थिर उभा असतो, तर त्यांच्या पायाखालची जमीन काही मात्रांनी सरकत राहते. त्यातून ट्रंपेटला कळा अवघ्या तीन. बाकी सारे ओठांच्या ताणावर. (मींड हवी तर ट्रॉम्बोन बरा, त्याची नळीच मागेपुढे सरकते.)

सी. रामचंद्र पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. चाल त्यांची, पण कोणते वाद्य कोठे उठवावे, सुरांखाली कोणते सूर धरावेत, हे कागदावर मांडणारा जाणकार लागे. ते काम चिक चॉकलेट यांनी सहाय्यक म्हणून केले. तबकडीवर मात्र नाव चाल देणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे. चालीचे श्रेय कमी करावे असे आम्ही म्हणत नाही. पण ट्रंपेट काढून ते गाणे मनात म्हणून पाहावे. उरते ते निराळेच गाणे असते.

'नादान' या बोलपटाचे संगीत त्यांनी स्वतंत्रपणे दिले, तेही १९५१ मध्येच. १९६७ साली, पन्नाशीच्या आसपास, ते वारले.