उत्तराधिकारिणी

अमेरिकेतील दुपारच्या दैनंदिन मालिकांत पूर्वी एक निवेदकाचा आवाज ऐकू येत असे. ओळखीचा दिवाणखाना, ओळखीचा नवरा, आणि दार लोटून त्याची बायको आत येते. परंतु ती काल होती ती नव्हेच, कोणी तरी निराळीच स्त्री. आणि इतक्यात तो अदृश्य आवाज, कचेरीत नव्या अंमलदाराच्या नेमणुकीचा हुकूम वाचून दाखवावा तितक्या निर्विकारपणे, सांगून टाकी की आजपासून ही भूमिका अमुक एक बाई करीत आहेत. पडद्यावरचा नवरा चपापत नसे, मुले बिचकत नसत. चपापे तो एकटा प्रेक्षक; आणि त्या क्षणी त्याच्या मनात जो रोष उत्पन्न होई, त्याचे सारे धनीपण नुकत्याच आत आलेल्या त्या निरपराध स्त्रीच्या माथी येई. या लेखात मला कैवार घ्यावयाचा आहे तो तिचा.

आपल्या रंगभूमीला बदली नट नवा नाही. ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे ते दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, आणि रसिकांनी तिघांचीही तुलना रसपूर्वक केली. ही तुलना न्याय्य होती, कारण तिघांच्याही ओठी संवाद एकच होते. दैनंदिन मालिकेत हे घडत नाही. कालचा संवाद काल संपला. तो पुन्हा कोणी म्हणावयाचा नाही. मागून येणारीला पहिलीचे शब्द मिळत नाहीत, मिळते ती केवळ पहिलीची आठवण. आणि आठवणीशी झुंज घेऊन जिंकलेला मनुष्य निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा सारा व्यवहार कसा चाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अर्ना फिलिप्स या लेखिकेची ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ पर्यंत चालली. साबणाच्या कारखानदारांनी पदरमोड करून चालविलेल्या म्हणून या मालिकांना ‘सोप’ हे नाव पडले, ते आजतागायत टिकले. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे बारा महिने, रोज नवे पाठांतर. आणि ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ तर १९७५ पर्यंत थेट प्रक्षेपित होत असे, म्हणजे चुकले तर साऱ्या देशासमक्ष चुकले. जुन्या करारनाम्यांत दर तेरा आठवड्यांनी नटाला निरोप देण्याची मुभा कंपनीने आपल्याकडे राखून ठेवलेली असे. भूमिका हे कंपनीचे वतन. अभिनेत्री फार तर तिची मुतालिक. कोणी चित्रपटाकडे वळे, कोणी आजारी पडे, कोणाचे लेखकाशी बिनसे. दप्तरी नवे नाव चढे आणि कथानक पुढे सरके.

एरिका स्लेझॅक यांचे नाव या जगात सर्वतोमुखी आहे. ‘वन लाइफ टु लिव्ह’मधील व्हिकी लॉर्ड त्यांनी १९७१ पासून, ती मालिका २०१२ साली वाहिनीवरून उतरेपर्यंत केली आणि तीबद्दल सहा वेळा एमी पारितोषिक मिळविले. व्हिकी म्हणजे स्लेझॅक, हे समीकरण इतके दृढ झाले की ही बाईसुद्धा मागाहूनच आलेली होती, याचा लोकांना विसर पडला. १९६८ साली व्हिकी प्रथम साकारली ती जिलियन स्पेन्सर यांनी, आणि मर्यादशील व्हिकीच्या ठायी वसणारी ती स्वैर निकी स्मिथ, जिच्या बळावर पुढे चार दशके कथानके रचली गेली, तीही प्रथम स्पेन्सरबाईंच्याच चेहऱ्याने प्रेक्षकांसमोर आली. मध्ये काही काळ जोन व्हॅन आर्क यांनी ती भूमिका सांभाळली. उत्तराधिकारिणी यशस्वी झाली की पूर्वसूरी बेदखल होतात. अयशस्वी झाली तर ती स्वतःच बडतर्फ होते. दोन्ही पक्षी एकीचे नाव पुसले जावयाचेच.

रॉबिन स्ट्रॅसर यांच्या वाट्याला मात्र या दैवाच्या दोन्ही बाजू आल्या. ‘अनदर वर्ल्ड’मधील रेचल ही लोभी, कारस्थानी पोर त्यांनी १९६७ मध्ये उभी केली. त्या गेल्या, मार्गारेट इम्पर्ट आल्या, स्ट्रॅसरबाई अल्पकाळ परतल्या, आणि १९७२ मध्ये ती भूमिका व्हिक्टोरिया विंडहॅम यांच्याकडे गेली. पुढे १९७९ मध्ये याच स्ट्रॅसरबाई ‘वन लाइफ टु लिव्ह’मध्ये डोरियन लॉर्ड म्हणून अवतरल्या, तेव्हा त्यांच्याआधी नॅन्सी पिंकर्टन आणि क्लेअर मॅलिस या दोघी त्या खुर्चीत बसून गेलेल्या होत्या. तीत त्यांनी १९८२ चे एमी मिळविले, मालिका सोडली, त्यांच्या जागी इलेन प्रिन्सी आल्या, आणि १९९३ मध्ये स्ट्रॅसरबाई परतताच प्रिन्सीबाईंना जागा मोकळी करून द्यावी लागली. जहागीर सांभाळून ती आधीच्या मालकिणीच्या स्वाधीन करणे, एवढेच प्रिन्सीबाईंच्या ललाटी होते. त्यांची आठवण काढणारा क्वचितच भेटतो.

परंतु माझ्या मते या सर्व इतिहासातील थोर बदली ती विंडहॅमबाईंचीच. लेखक हार्डिंग लेमे यांनी रेचलचे हृदयपरिवर्तन घडवावयाचे मनात घेतले. पण कागदावर परिवर्तन लिहिणे सोपे आणि तीच तिरस्कृत स्त्री हळूहळू प्रेक्षकांच्या गळी उतरविणे अत्यंत बिकट. विंडहॅमबाईंनी रेचलचा जुना करपटपणा पुसला नाही. वयाने वडील अशा मॅक कोरीची पत्नी म्हणून घरंदाजपणे वावरतानाही तो मधूनच डोळ्यांत तरळू दिला. मालिका १९९९ मध्ये संपेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, त्या रेचल होत्या. एमी त्यांना एकदाही मिळाले नाही. त्याच वर्षी ‘ऑल माय चिल्ड्रन’च्या सूझन लूची यांना एकोणिसाव्या नामांकनानंतर ते मिळाले, तेव्हा अन्याय फिटल्याचा केवढा गजर झाला! लूचीबाईंचा मान मी कमी लेखीत नाही. पण एरिका केन ही भूमिका आरंभापासून त्यांचीच होती. अन्यायाचीसुद्धा दाद लागावयाची तर तो मूळ वतनदारावर व्हावा लागतो.

‘अनदर वर्ल्ड’मध्येच एलन व्हीलर यांनी मार्ली आणि व्हिकी या जुळ्या बहिणी रंगविल्या व १९८६ चे एमी पटकाविले. पुढे त्याच जुळ्या बहिणींनी अ‍ॅन हेश यांना १९९१ चे एमी मिळवून दिले. हेशबाईंनंतर जेन्सन ब्युकॅनन आल्या. १९९८ मध्ये मार्लीचा चेहरा आगीत भाजला, शस्त्रक्रिया झाली, आणि पट्ट्या सुटल्यावर दिसला तो एलन व्हीलर यांचा मूळ चेहरा. बदलीला कथानकाने दिलेले याहून चतुर समर्थन मला तरी ठाऊक नाही.

आपल्याकडे हे सारे अगदीच परके नाही. नव्वदीच्या दशकात स्टार प्लसवर ‘सांता बार्बरा’ पाहणाऱ्यांना तिचे चेहरे बदलल्याचे स्मरत असेल. नंतर हिंदी मालिकेतील तुलसीच्या जागी स्मृती इराणींऐवजी गौतमी कपूर आल्या, आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील शनायाही रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे जाऊन पुन्हा मूळ ठिकाणी आली. त्या वेळी घरोघरी जे शेरे मारले गेले, ते आठवून पाहावेत.

ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या मार्ज ड्यूसे. ‘कॅपिटल’मध्ये त्या आल्या त्या कॅरोलिन जोन्स यांच्या निधनानंतरच्या काळात, ‘सांता बार्बरा’तील पॅमेला ही दुसऱ्या नटीने सोडलेली, आणि ‘गायडिंग लाइट’मधील धनाढ्य अलेक्झांड्रा स्पॉल्डिंग ही तर बेव्हर्ली मॅकिन्सी यांच्यासारख्या बिनतोड अभिनेत्रीने १९९२ मध्ये टाकून दिलेली. दुसऱ्यांच्या पायताणात पाय घालून इतकी वर्षे ताठ मानेने चालणे ही सामान्य करामत नव्हे. मॅकिन्सीबाईंची अलेक्झांड्रा थंड पोलादासारखी होती. ड्यूसेबाईंनी तिला ऊब दिली, थोडी विनोदबुद्धी दिली, आणि जुन्या चाहत्यांची नाके मुरडलेलीच राहिली. २००२ मध्ये तीच भूमिका जगप्रसिद्ध जोन कॉलिन्स यांना देण्यात आली. मोठा गाजावाजा झाला. काही महिन्यांत कॉलिन्सबाई निघून गेल्या आणि कंपनीने पुन्हा ड्यूसेबाईंना बोलाविले. सप्टेंबर २००९ मध्ये बहात्तर वर्षांची ती मालिका बंद पडली, तेव्हा अखेरच्या भागांत अलेक्झांड्रा म्हणून उभ्या होत्या त्या मार्ज ड्यूसेच.