घोडी बुजते, नवरदेव घाबरतो

लग्नसराईत जामखेडच्या पेठेतून संध्याकाळी निघालेला परण्या डोळ्यांसमोर आणा. पुढे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत, तिच्यापुढे नाचणारी पोरे, मागे सजवलेली घोडी. घोडीवर नवरदेव. तो रोज मोटारसायकलवर फिरतो, पण घोड्यावर आज पहिल्यांदाच बसला आहे. त्याच्यापुढे हौसेने बसवलेला तीन-चार वर्षांचा भाचा. कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवतो. घोडी कान टवकारते, मान वर घेते, दोन पावले मागे सरते. घोडेवाला लगाम घट्ट धरून तिला चुचकारतो. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावते. एखाद्या वेळी निभावत नाही आणि वऱ्हाडातली चार माणसे मांडवाऐवजी दवाखान्याच्या अपघात विभागात पोहोचतात.

अशा वेळी सगळा दोष घोडीच्या माथी मारला जातो. ‘घोडी खोडील होती’ असे म्हटले की विषय संपतो. खरे तर त्या क्षणी दोन जीव एकाच वेळी अनोळखी परिस्थितीत सापडलेले असतात, एक खोगिराखाली आणि दुसरा खोगिरावर. दोघांच्याही शरीरात घडते ते जवळपास सारखेच असते.

घोडा हा निसर्गतः शिकार होणारा प्राणी आहे. संकटाची चाहूल लागताच आधी पळायचे आणि मग विचार करायचा, या सवयीवरच त्याचा वंश टिकला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांचा परिसर दिसतो. मात्र कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याला दिसत नाही. त्यामुळे मागून कुणी अचानक आले की तो लाथ झाडतो. उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. रात्रीच्या वरातीतले लखलखते दिवे त्याला म्हणूनच गोंधळात टाकतात. त्याचे कानही तीक्ष्ण असतात. आपल्याला ऐकू न येणारे काही उंच स्वर त्याला ऐकू येतात.

भीती वाटली की माणसाच्या शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, तोंडाला कोरड पडते. घोड्याचेही तसेच होते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. तो बिचकला की काही क्षणांत ती शंभरीपार जाऊ शकते. फरक एवढाच की माणूस घाबरला तर जागीच थिजू शकतो, घोडा मात्र तीनशे किलोंचे शरीर घेऊन धावत सुटतो.

एकाची भीती दुसऱ्याला

स्वारामुळे घोडा घाबरतो की घोड्यामुळे स्वार? स्वीडनमधील संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २७ घोडे आणि ३७ माणसे होती. माणसांनी घोड्याला हाताने धरून किंवा त्याच्यावर बसून ३० मीटरचे अंतर चार वेळा जायचे होते. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले गेले, की या वेळी वाटेत घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही. घोड्यांना छत्रीचे काहीच ठाऊक नव्हते. त्यांना समजली ती माणसाची भीती.

हे घडण्याचे मार्ग समजण्यासारखे आहेत. घाबरलेल्या माणसाच्या मांड्या आवळतात, लगामावरचा हात ताठ होतो, श्वास अडकतो. घोड्याच्या पाठीला हे सगळे जाणवते. पाठीवरचा माणूस घाबरला म्हणजे आसपास काहीतरी धोका आहे, असा अर्थ तो लावतो. म्हणून घोड्याला धीर द्यायचा तर आधी स्वाराला धीर द्यावा लागतो.

हे साधते याचा पुरावा महाराष्ट्र दरवर्षी आषाढी वारीत पाहतो. संत एकनाथ महाराजांची पालखी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यावरून पंढरपूरला जाते, त्यामुळे वारी इथल्या लोकांना नवी नाही. माउलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात. पुढे टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो वारकऱ्यांच्या मधोमध ते रिंगणात धावतात. हे घोडे काही वेगळ्या मातीचे नसतात. ओळखीची माणसे, वाटेत टप्प्याटप्प्याने भेटणारी गर्दी आणि धावायला मोकळी ठेवलेली वाट, या तीन गोष्टी त्यांच्या बाजूने असतात. पेठेतल्या वरातीत नेमक्या याच तीन गोष्टींची वानवा असते.

याच खर्ड्याच्या माळावर १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. घोडदळाच्या त्या काळात तोफेच्या आवाजाला न डगमगणारा घोडा जन्मतः मिळत नसे, तो घडवावा लागे. आवाज आधी लांबून, मग जवळून, सोबत दाणा आणि ओळखीचा हात, अशी ती रीत. आज मानसोपचारात उंचीची किंवा पाण्याची भीती घालवण्यासाठी हेच तत्त्व वापरतात. भीतीच्या गोष्टीची ओळख थोडी-थोडी, सहन होईल एवढीच करून द्यायची. एकदम खोल पाण्यात ढकलले तर भीती जात नाही, उलट घट्ट रुजते.

नवी जागा, नवा दाणा

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून घोडी घेऊन टेम्पोने घरी आणली आणि दुसऱ्याच आठवड्यात वरातीला जुंपली, तर ते तिच्यावर अन्यायाचे आहे. घोड्याला उलटी होत नाही. चारा-दाणा अचानक बदलला तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जुन्या मालकाकडचा थोडा कडबा-दाणा सोबत आणावा आणि नव्याचे प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. नव्या घोडीला दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे बांधावे, पण दुसरे घोडे तिच्या नजरेस पडेल असे. कळपातल्या प्राण्याला एकटेपणा हाच मोठा ताण असतो. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी, ताप अशी लक्षणे दिसली तर पशुवैद्यकाला लगेच दाखवावे. ग्लँडर्ससारखा घोड्यांचा आजार माणसालाही होऊ शकतो. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मग सराव. पहिले काही दिवस शांत रस्ता. नंतर बँडचा आवाज लांबून. घोडी कान सैल सोडून, मान खाली घेऊन चघळू लागली की थोडे जवळ. कान मागे पडले, नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागला, वारंवार लीद पडू लागली, तर अंतर वाढवावे. या वेळी चाबूक मारला तर आवाजाच्या भीतीला वेदनेची जोड मिळते आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर बुजते.

नवरदेवानेही सराव करावा. लग्नाच्या एक-दोन दिवस आधी दहा-पंधरा मिनिटे त्याच घोडीवर बसून फिरावे. शक्य असेल तर फेटा आणि मुंडावळ्या घालून, म्हणजे घोडीलाही ते रूप ओळखीचे होते. वर बसल्यावर श्वास सावकाश सोडावा. श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. नजर समोर, टाचा खाली, रिकिबीत फक्त चवडा. रिकिबीत पाय अडकून फरपटणे हा पडण्याहून मोठा धोका आहे. उपाशीपोटी, उन्हात, जड शेरवानीत चक्कर येऊ शकते. तेव्हा हलके खाऊन, पाणी पिऊन बसावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. लहान मूल पुढे बसवण्याची हौस टाळलेलीच बरी. घोडी उधळली तर नवरदेव स्वतःला सावरेल की मुलाला?

वऱ्हाडाने एवढेच करावे: स्पीकर आणि घोडी यांत भरपूर अंतर ठेवावे, घोडीजवळ फटाके वाजवू नयेत, तिच्या मागे नाचू नये आणि एक बाजू मोकळी ठेवावी.

अपघात झालाच तर

पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये. मान स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपणे, उलट्या, वाढती गुंगी, कानातून रक्त ही डोक्याला गंभीर मार लागल्याची लक्षणे आहेत. पोटात लाथ बसलेला माणूस सुरुवातीला ठीक वाटू शकतो. यकृत किंवा प्लीहा फाटली असेल तर काही तासांनी तो पांढरा पडतो. म्हणून पोटावरची लाथ दवाखान्यात दाखवलीच पाहिजे. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, हळद-चुना भरू नये. घोड्याच्या लिदेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा धनुर्वाताची लस आवश्यक. घोडा चावला असेल तर रेबीजच्या लसीबाबतही डॉक्टरांना विचारावे.

हे सगळे घोडेवाल्याला शिकवता येईल. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि फारसे न शिकलेल्या गावातल्या बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. ज्या गावाने हे पाहिले, तिथे घोडेवाल्यांना प्रथमोपचार शिकवणे अवघड नाही. अपघाताच्या क्षणी सर्वांत जवळ तोच असतो.

‘घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली?’ या जुन्या कोड्याचे उत्तर लहानपणीच सगळ्यांना पाठ असते: न फिरवल्यामुळे. वरातीआधी घोडीला चार दिवस आणि नवरदेवाला एक संध्याकाळ फिरवून आणले, तर पुष्कळ अनर्थ टळतील.